मोज्यातलं कस्टर्ड : 'गून शो' आणि तो जपणारी मंडळी

खरखर | शुक्र, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

पाठ धरल्यामुळे दोन आठवडे आडवा होतो. वाचायला घेतलं की हात दुखायचे, बघायला घेतलं की डोळे. शेवटी लेकीनं फोनमध्ये काहीबाही ऐकायला भरून दिलं, त्यात 'द गून शो'चे भाग निघाले. आता पाठ बरी आहे, पण कान कामातून गेलेत. दुसरं काही ऐकवतच नाही.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. बीबीसी रेडिओवरचा अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम. २८ मे १९५१ ला 'क्रेझी पीपल' ह्या नावानं सुरू झाला, पुढे 'गून शो' झाला आणि २८ जानेवारी १९६० ला संपला. दहा मालिका, दोनशेच्या वर भाग. लिहिणारा मुख्यतः स्पाइक मिलिगन, जोडीला कधी लॅरी स्टीफन्स, कधी एरिक साइक्स. बोलणारे तिघं : मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम. चौथा मायकेल बेंटिन होता, तो दुसऱ्या मालिकेनंतर बाहेर पडला. ही तिघं मिळून अख्खं गाव उभं करतात. सीकमचा नेडी सीगून हा भोळसट नायक, त्याला दर भागात कुणीतरी टोपी घालतं. सेलर्सकडे मेजर ब्लडनॉक, पोरगेला ब्लूबॉटल, गोडबोल्या भामटा ग्रिटपाइप-थिन. मिलिगनकडे मठ्ठ एकल्स आणि म्हातारी मिनी बॅनिस्टर. 'नेपोलियन्स पियानो' नावाच्या भागात नेडी पॅरिसहून पियानो चोरून आणायला जातो आणि त्याच पियानोवर बसून इंग्लिश खाडी ओलांडायला निघतो. रेडिओवर नेपथ्याचा खर्च शून्य. ऐकणाऱ्यानं मनात पियानो पाण्यात सोडला की झालं.

आवाजांसाठी मिलिगन जीव काढायचा. एक किस्सा तिकडे पाठ आहे सगळ्यांना. कुठल्याशा प्रसंगाला त्याला काहीतरी लिबलिबीत आपटल्याचा आवाज हवा होता. बीबीसीच्या कँटीनमध्ये जाऊन त्यानं कस्टर्ड मागितलं. तिथल्या बाईंनी बिचारीनं मायेनं छान करून दिलं. ह्यानं पायातले मोजे काढले, त्यात ते ओतलं आणि भिंतीवर हाणलं. आवाज मनासारखा आला नाहीच!

पण धागा काढायचं कारण कस्टर्ड नाही. ऐकता ऐकता प्रश्न पडला, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ही खटपट माझ्यापर्यंत आली कशी? त्या काळी टेप महाग. एकदा वाजली की पुसून वर दुसरं काही भरायचे. पुनःप्रक्षेपणाचे करारही तुटपुंजे, त्यामुळे 'ठेवून करायचंय काय' हाच विचार. पहिल्या तीन मालिकांतलं जवळजवळ सगळं गेलं. राहिलं त्याची एक वाट म्हणजे परदेशी केंद्रांना विकायला बीबीसीनं ज्या तबकड्या काढल्या त्या. त्यातही कात्री चाललेली. चावट वाटलं ते गेलं, तात्पुरत्या संदर्भाचं गेलं, इंग्लंडबाहेर कळणार नाही तेही गेलं.

आणि दुसरी वाट म्हणजे लोक. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेले साधे श्रोते.

१९७२ साली ह्यातल्या चाहत्यांनी 'गून शो प्रिझर्व्हेशन सोसायटी' काढली. त्याच वर्षी बीबीसीच्या पन्नाशीला तिघं पुन्हा एकत्र आले होते. ३० एप्रिलला लंडनच्या कॅमडन थिएटरात 'द लास्ट गून शो ऑफ ऑल' ध्वनिमुद्रित झाला. प्रेक्षकांत प्रिन्स फिलिप आणि राजकन्या ॲन. युवराज चार्ल्स नौदलाच्या नोकरीत अडकलेला, त्यानं तार पाठवली. हाच चार्ल्स पुढे सोसायटीचा आश्रयदाता झाला. राजाश्रय म्हणायला हरकत नाही, पण खरं काम केलं ते चिठ्ठ्याचपाट्या लिहिणाऱ्यांनी. सोसायटीचं वार्तापत्र निघतं, त्यात कुठला भाग कधी वाजला, कुणाकडे कुठली प्रत आहे, कुठल्या प्रतीत कुठलं वाक्य जास्त आहे ह्याचा कीस. आपल्याकडे पोथ्यांचे पाठभेद काढतात ना, तस्सं. फक्त इथे पाठभेद ढेकरेचे आहेत.

तर माझं म्हणणं एवढंच, की विनोद टिकला तो अशा कटकट्या माणसांमुळे. तुमचं काय मत? आणि आपल्याकडे असं कुणी आहे का?

(टंकताना पाठीनं परत कुरकुर केली, चुका असतील त्या पोटात घाला.)

---

भिंगारचा_वेताळ | शुक्र, रात्री ११:१५

अहो खरखर, एवढं लिहिलंत आणि मुख्य गोष्टच विसरलात! स्पाइक मिलिगन आमचा नगरचा आहे!! १६ एप्रिल १९१८, जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर). बाप लिओ मिलिगन गोऱ्या तोफखान्यात, मूळचा आयर्लंडमधल्या स्लायगोचा. पोराचं बालपण पुण्यात, कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीत शाळा, मग रंगून, आणि पोरवयातच विलायतेला. म्हणजे शिंगं फुटेपर्यंतचा सगळा काळ इकडेच.

आमच्याकडे कुणाला विचारा, टँक म्युझियम सांगतील, किल्ला सांगतील, चांदबिबी सांगतील. हे कुणी सांगत नाही. मला स्वतःला चाळिशीत कळलं, तेही एका ऑस्ट्रेलियन पाहुण्याकडून. त्याला टँकशी घेणंदेणं नव्हतं. रिक्षातून उतरल्या उतरल्या म्हणाला, 'मिलिगन कुठे जन्मला?' मी म्हटलं, कोण मिलिगन? त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं पंढरपुरात कुणी 'कोण विठ्ठल' विचारावं.

---

खरखर | शुक्र, रात्री ११:२१

वेताळराव, विसरलो नव्हतो, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

---

अर्धाकप | शुक्र, रात्री ११:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. धागा वाचून एक भाग लावला. दहा मिनिटांत बंद केला. तीन माणसं नाकातून बोलतात, मध्येच स्फोट होतो, पब्लिक खदाखदा हसतं, मध्येच कुणीतरी माउथ ऑर्गन वाजवतो. कशाला हसले ते कळेना. हे जपायचं कशासाठी? जुनं आहे म्हणून?

---

निशिगंधा_क | शनि, सकाळी ७:०५

अर्धाकप, माउथ ऑर्गन वाजवतो तो मॅक्स गेल्ड्रे. मध्ये दोन गाणी असायचीच, एक त्याचं आणि एक रे एलिंग्टनच्या चौकडीचं. ती सरळ ढकलून पुढे जा, आम्ही पण जातो.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ वर्षं लंडनला होते. तिथे जुने कार्यक्रम लावणाऱ्या 'रेडिओ ४ एक्स्ट्रा'वर गून शो लागायचा. मलाही आधी ओ की ठो कळलं नाही. आमचं शेजारचं आजोबा-गिऱ्हाईक रोज विचारायचं, ऐकलं का? नाही म्हणायला जीव होईना म्हणून ऐकत राहिले. एक दिवस ब्लूबॉटल कळला आणि कुलूप उघडलं.

सांगते कसा. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ऐतिहासिक नाटुकलं होतं. पाचवीतल्या एका मुलानं पाठांतर फार मन लावून केलं होतं. स्टेजवर आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, 'महाराज, हात जोडून, मला वाचवा, रडतो, उजवीकडून जातो.' कंसातलं सगळं म्हणून टाकलं! आणि गेला डावीकडून. ब्लूबॉटल दर भागात मुद्दाम हेच करतो. आपल्या सूचना स्वतःच मोठ्यानं वाचतो, टाळ्यांची वाट बघतो, टाळ्या पडल्या नाहीत की रुसतो. आणि शेवटी दरवेळी त्याचाच बॉम्बस्फोटात बळी. सेलर्स हा एवढा मोठा नट, पण मला तो आधी हा बारका पोरगाच वाटतो.

दुसरं म्हणजे एकल्सचं घड्याळ ('द मिस्टीरियस पंच-अप-द-काँकर' ह्या भागात). वेळ विचारली की तो खिशातून कागद काढतो. सकाळी एका भल्या माणसानं त्याला आठ वाजले म्हणून लिहून दिलेलं असतं. मग दुसऱ्यानं विचारलं की तोच कागद. ब्लूबॉटलला प्रश्न पडतो, वेळ विचारली तेव्हा आठ वाजलेले नसले तर? एकल्सचं उत्तर सोपं, तो मग कागद दाखवतच नाही. ही पाच मिनिटं ऐका आणि मग बोला.

---

अर्धाकप | शनि, सकाळी ९:३०

ऐकलं. बरं. घड्याळाला हसलो. बाकीचं अजून पटलेलं नाही, पण कागदवालं आमच्या ऑफिसात चालू आहे. हजेरीची वेळ.

---

सुईखोबण | शनि, दुपारी १२:१८

खरखर, छान विषय. मी हौसेनं जुन्या तबकड्या आणि टेपा साफ करतो (नाट्यसंगीत, कीर्तनं, घरगुती बारशी काहीही), त्यामुळे ह्या 'पाठभेदां'बद्दल थोडं लिहितो.

समजा तुमच्याकडे एका भागाच्या दोन प्रती आहेत. एक परदेशी विक्रीची तबकडी : आवाज स्वच्छ, पण मजकूर कापलेला. दुसरी घरात भरलेली टेप : मजकूर पूर्ण, पण आवाज डबड्यातून आल्यासारखा, कारण रेडिओच्या स्पीकरसमोर माइक धरलेला. आता करायचं काय? स्वच्छ प्रत खाली अंथरायची आणि जिथे भोक आहे तिथे घरगुती प्रतीचा तुकडा शिवायचा. गोधडीच की. हे गून शोच्या बाबतीत खरोखर झालंय. टेड केंडल ह्या ध्वनितंत्रज्ञानं वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती मिळवून भाग जुळवले, आणि बीबीसीनं 'गून शो कम्पेंडियम' म्हणून सीडीचे जाड जाड संच काढले. खरखर, तुमच्या फोनमध्ये बहुतेक तेच आहेत.

वाचायला सोपं वाटतं. करताना पहिली मारामारी वेगाची. घरच्या टेपरेकॉर्डरची मोटर कधी एका लयीत फिरत नाही, पट्टी जाड-बारीक फिरते. दोन प्रती एकाखाली एक ठेवल्या तर अर्ध्या मिनिटात एक पुढे पळते. मग खुणा शोधायच्या. माझा अनुभव असा, की शब्दांपेक्षा प्रेक्षकांचं हसणं जुळवायला सोपं जातं. हशा कधी दोनदा सारखा येत नाही. कुणाची तरी एक किंकाळी वर जाते, कुणी उशिरा हसतो, कुणी खोकतो. बोटाच्या ठशासारखं असतं ते. पडद्यावर त्या लाटा दिसतात, त्या एकमेकींवर बसवल्या की मधलं संवादाचं वाक्य आपोआप जागेवर येतं.

दुसरी मारामारी सांध्याची. स्वच्छ आवाजातून एकदम डबड्यात गेलं की कान दचकतो. मग स्वच्छ आवाज थोडा मळवावा लागतो, सांध्याच्या अलीकडे-पलीकडे. आमच्यातले कर्मठ लोक ह्याला पाप म्हणतात. मी करतो.

अवांतर : मेजर ब्लडनॉकच्या पोटाचा आवाज. बीबीसीनं १९५८ साली नवनवीन आवाज घडवायला रेडिओफोनिक वर्कशॉप नावाची प्रयोगशाळा काढली. तिच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांत हे बिघडलेलं पोट आहे. मोठमोठे अभ्यासक त्या फितीबद्दल आदरानं बोलतात. आम्ही ह्या धंद्यात कशाकशाला आदर देतो बघा.

---

भिंगारचा_वेताळ | शनि, दुपारी १२:४०

ब्लडनॉक हिंदुस्थानी पलटणीतला म्हातारा मेजर दाखवलाय ना? मग पोट कुठे बिघडलं ते वेगळं सांगायला नको. नगरच्या लवंगी मिरचीला क्रेडिट मिळायला हवं होतं.

---

कोरा_कागद | शनि, दुपारी ३:५५

विरजण घालतो, माफी असावी.

ह्याच कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी नावाचे दोन हिंदी लोक आहेत, सेलर्स आणि मिलिगन आवाज देतात. तो हेल तुम्हाला माहीत आहे, शाळेत परदेशी पोरं ज्या हेलात आपल्या मुलांना चिडवतात तोच. रे एलिंग्टन कृष्णवर्णीय होता, त्याच्या रंगावर त्याच्या तोंडावर विनोद आहेत. हे सगळं 'जपायचं'? माझी मुलगी अमेरिकेत शाळेत जाते. तिच्यासमोर मी हे लावणार नाही.

---

निशिगंधा_क | शनि, सायं. ५:१०

कोरा_कागद, मुद्दा खरा आहे. मलाही ते भाग ऐकताना अंगावर येतं. लालकाका-बॅनर्जी एकमेकांशी कधी कधी फार गमतीशीर वाद घालतात, कारकुनी खाक्याचे, आणि नेमकं हसू आलं की स्वतःचाच राग येतो.

पण मिलिगनचं जरा वेगळं वाटतं मला. तो आयांच्या आणि शिपायांच्या अंगाखांद्यावर इथे वाढला, विलायतेत आल्यावर तिथेही उपराच. ब्लडनॉक बघा ना. भित्रा, पैसे खाणारा, बाईच्या मागे लागणारा. साहेबाची जेवढी टर त्यानं उडवलीय तेवढी कुठल्या हिंदी माणसाची नाही. तरी हेल तो हेलच, त्याची सफाई देत नाही.

---

सुईखोबण | शनि, सायं. ५:४८

ऐकवायचं की नाही हा एक प्रश्न, ठेवायचं की नाही हा दुसरा. दुसऱ्याला माझं उत्तर एकच : सगळं ठेवायचं, आहे तसं. ज्यांनी तबकड्या कापल्या तेही त्यांच्या मते खटकणारंच काढत होते. त्यांना काय खटकलं? ह्यू जॅम्प्टन नावाचा कॅप्टन. (लंडनची बोली येणाऱ्यांनी मनात हसावं, बाकीच्यांना मी समजावणार नाही.) रंगावरचे विनोद तेव्हा कुणाला खटकले नाहीत, ते राहिले. कात्री नेहमी आपल्या काळाची असते. मुलीला लावू नका, बरोबर आहे. पण मूळ प्रत कपाटात पूर्ण पाहिजे.

---

कोरा_कागद | शनि, सायं. ६:०२

कपाटात ठेवायला ना नाही. आश्रयदाता राजा आणि शेजारी आजोबा ह्यांनी ते 'आमच्या लहानपणीचा निर्मळ विनोद' म्हणून मिरवू नये, इतकंच.

---

निशिगंधा_क | शनि, सायं. ६:३०

आमचे आजोबा निर्मळ वगैरे काही म्हणायचे नाहीत हो. त्यांना पाठ होते ते सगळे आवाज, मिनी बॅनिस्टरचा चढा म्हातारा आवाज तर हुबेहूब. बायको गेल्यावर एकटेच. युद्धात होते. त्यांनी मला मिलिगन-सीकमच्या भेटीची गोष्ट सांगितली, ती इथे लिहिते.

दोघंही तोफखान्यात, ट्युनिशियात. मिलिगनच्या तुकडीची ७.२ इंची हॉवित्झर तोफ नीट रोवली नव्हती. बार काढला तशी मागे घसरली आणि कड्यावरून खाली गेली. खाली सीकमची वायरलेसची गाडी उभी होती, तिच्याजवळ धाडकन आपटली. थोड्या वेळानं वरून एक जण आला आणि विचारू लागला, इकडे कुणी तोफ पाहिलीत का? सीकम म्हणाला, कुठल्या रंगाची?

आजोबा म्हणायचे, गून शो सगळा ह्या एका प्रश्नात आहे. पुढे इटलीत कसिनोच्या लढाईत मिलिगन जखमी झाला, डोक्यावर परिणाम झाला आणि तो आयुष्यभर पुरला. कार्यक्रम ऐन भरात असताना १९५२ च्या शेवटी तो रुग्णालयात होता. आठवड्याला एक भाग, वर्षाला पंचवीस-तीस. त्या लिखाणानं माणूस पिळून निघाला. ते स्फोट उगाच नाहीत त्यात.

---

भिंगारचा_वेताळ | शनि, रात्री ९:१४

डोळ्यात पाणी आणलंत ताई. उतारा म्हणून हे घ्या. बाप आयरिश, जन्म हिंदुस्थानातला, म्हणून साठच्या दशकात कायदे बदलल्यावर इंग्रज सरकारनं त्याला नागरिकत्व असंच द्यायला नकार दिला. म्हणाले निष्ठेची शपथ घे. ज्यांच्यासाठी लढून डोकं घालवलं त्यांच्यापुढे परत शपथ! त्यानं आयरिश पासपोर्ट घेतला. म्हणून पुढे नाइटहूड मिळाली तीही मानद.

२७ फेब्रुवारी २००२ ला वारला. त्याला थडग्यावर लिहून हवं होतं, 'तुम्हाला सांगत होतो ना मी आजारी आहे'. चर्चवाले म्हणाले, इंग्रजीत चालणार नाही. मग आयरिशमध्ये कोरलं. ससेक्समध्ये विंचेल्सीला आहे. आयरिश न येणारा माणूस गंभीर चेहऱ्यानं फूल वाहून जातो.

आमच्या नगरकरांतर्फे एक सूचना : भिंगारला एक पाटी लावू, मराठीत. तिथे चर्चची परवानगी लागत नाही.

---

अर्धाकप | शनि, रात्री ९:३३

पाटी लागली तर वर्गणी देईन. (काल दहा मिनिटांत बंद करणारा हाच मनुष्य. नोंद घ्यावी.)

---

पाटावरवंटा | रवि, सकाळी ८:२०

खरखर, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर कुणीच आलं नाही अजून. आपल्याकडे कोण? मला एकच नाव आठवतं आणि हुरहुर लागते : आकाशवाणी मुंबईचं 'पुन्हा प्रपंच'. बाळ कुडतरकर म्हणजे पंत, नीलम प्रभू म्हणजे मीनावहिनी, प्रभाकर जोशी म्हणजे टेकाडे भावजी. तिघंच! इथेही तिघंच. आमच्या चाळीत त्या वेळेला नळ सोडून बायका आत यायच्या, ह्याहून मोठं प्रमाणपत्र नाही. टेकाडे भावजींचा आवाज आला की आमचे वडील, जे घरात कधी हसायचे नाहीत, ते खिडकीकडे तोंड करून हसायचे.

किती भाग झाले असतील आणि त्यातले आज किती ऐकायला मिळतात? मला इंटरनेटवर जे सापडलं ते संपवायला एक दुपार पुरली. गून शोच्या लोकांकडे निदान संहिता राहिल्या. २००१ साली बीबीसीनं हरवलेल्या भागांच्या संहिता नव्या नटांकडून परत करून घेतल्या, सीकमचा मुलगा अँड्र्यू त्यात होता. आपण पंतांच्या जागी कुणाला उभं करणार?

---

सुईखोबण | रवि, सकाळी ९:०१

पाटावरवंटा, हुरहुर पुरे, माळ्यावर चढा. गंभीरपणे सांगतोय. सरकारी कपाटात काय आहे ते आहे, आपल्या हातात नाही. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्याच्या घरी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) आला त्यानं पहिल्या आठवड्यात काय भरलं? स्वतःचा आवाज, मुलाचं 'शुभंकरोती' आणि रेडिओ. ह्या तीन गोष्टी घरोघर आहेत. वर 'लग्नगीते' लिहिलं असलं तरी वाजवून बघा.

थेट वाजवू नका मात्र! आधी कॅसेटच्या खिडकीतून बघा, पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, तुमचं यंत्रही बिघडेल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. बुरशी नसेल तर पेन्सिल घालून चाक हलकं फिरतं का बघा. पुढच्या बाजूला फेल्टची चिमुकली गादी असते, ती बहुतेक गळून पडलेली असते. आवाज घुसमटलेला येण्याचं निम्मं कारण तेच. यंत्राचं हेड (पट्टी ज्याला घासून वाजते ते) स्पिरिटनं पुसा. मगच एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, आणि भरून घेताना पहिल्याच वेळी भरून घ्या. 'आधी ऐकून बघतो मग भरतो' म्हणणाऱ्यांच्या पट्ट्या पहिल्याच फेरीत तुटलेल्या मी पाहिल्यात. एमपी३ (दाबून लहान केलेली फाइल) नको, डब्ल्यूएव्ही (न दाबलेली) ठेवा. आणि खरखर काढायच्या भानगडीत पडू नका (धागाकर्त्यांनी मनावर घेऊ नये). मूळ फाइल मळकीच राहू दे.

---

कोरा_कागद | रवि, सकाळी ११:२६

आणि हक्कांचं काय? भरलेलं इथे चढवलं तर धागा उडेल.

---

सुईखोबण | रवि, सकाळी ११:३५

चढवा कोण म्हणालं? आधी यादी करा. कुणाकडे काय आहे, किती मिनिटं, कुठे तुटतं. यादीवर कुणाचा हक्क नाही. तिकडच्या लोकांची वार्तापत्रं तरी अर्धी ह्यानंच भरलेली असतात.

---

खरखर | मंगळ, रात्री ११:५८

मंडळी, चढलो. पाठीला न सांगता.

माळ्यावर साखरेच्या पोत्यात एकतीस कॅसेटी निघाल्या. दोनांवर बुरशी, त्या वेगळ्या पिशवीत. बाकीच्यांत भीमसेन, सत्यनारायणाची पूजा, माझ्या मामेबहिणीची मंगलाष्टकं दोन वेळा. आणि एकीवर वडिलांच्या अक्षरात 'संकीर्ण'. सुईखोबणांनी सांगितलं तसं केलं, गादी खरंच गळलेली होती, बायकोच्या शिलाईच्या डब्यातून फेल्ट कापून चिकटवली.

'संकीर्ण'ची अ बाजू : हवामान, बातम्यांचा शेवट, मग 'पुन्हा प्रपंच'. तिघांचेही आवाज. अकरा मिनिटं आणि काही सेकंद, मग खटका आणि त्यावर मंगलाष्टकं (तिसरी वेळ). मी तसाच बसून राहिलो.

अडचण एकच. वडिलांनी स्पीकरसमोर माइक धरलेला. सातव्या मिनिटाच्या आसपास मीनावहिनी काहीतरी विचारतात, टेकाडे भावजी तोंड उघडतात, आणि माझी आजी माइकच्या अगदी जवळून, 'बंद कर रे मेल्या, सेल संपतील' म्हणते. वडील 'शूऽऽ' करतात. आजी 'मला शू करतोस?' म्हणते. हे संपेपर्यंत पंत हसायला लागलेले असतात. काय बोलले टेकाडे भावजी, देव जाणे. पन्नास वेळा ऐकलं. हेडफोन लावून, कान दाबून, वेग कमी करून. आजीशिवाय काही निघत नाही.

सुईखोबण, सॉफ्टवेअरनं आजी काढता येते का? म्हणजे, काढायची नाहीये. तिची ही एकच टेप आहे. पण तिच्याखाली काय आहे ते कळलं तर बरं.

---

सुईखोबण | बुध, सकाळी ६:४०

नाही निघणार. माइकपासून ती वीतभर, रेडिओ हातभर. तिच्यापुढे कुठलंच सॉफ्टवेअर टिकणार नाही. दुसरी प्रत हवी.

---

खरखर | बुध, सकाळी ७:१२

मग जाहीर विनंती. कुणाच्या घरी 'पुन्हा प्रपंच'चा असा भाग असेल ज्यात सुरुवातीला मीनावहिनी पंतांना छत्रीवरून बोलतात आणि मध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, तर कृपया कळवा. भाग पूर्ण नसला तरी चालेल. मला फक्त सहावं-सातवं मिनिट हवंय, आजीखालचं.